नवी विमानं येईपर्यंत

मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
एअर इंडिया, गुरुग्राम

सप्रेम नमस्कार.

मी वास्कोचा. एकतीस वर्षं विमानाच्या पोटाखाली काढली. टेक्निशियन म्हणून, सही करणारा इंजिनिअर नव्हे, त्याच्या शेजारी बॅटरी आणि पाना धरून उभा राहणारा. तुमच्या कंपनीत मी कधी नव्हतो आणि तुमच्याकडे माझं काही येणंही नाही. ज्या कंपनीत होतो ती बंद पडली. तिचं नाव इथे घेत नाही, कारण हे पत्र तिच्याबद्दल नाही. तिच्यात शिकलो त्यातलं थोडं तुम्हाला सांगायचं आहे.

२०२३ च्या फेब्रुवारीत तुम्ही एका दमात ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केलीत. २५० एअरबसची, २२० बोइंगची. पुढच्या वर्षी डिसेंबरात आणखी १०० एअरबस. आमच्या चहाच्या टेबलावर तेव्हा दोन तट पडले. माझा एक मित्र बँकेतून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "घरखर्च भागत नाही आणि ह्यांनी गाड्या बुक केल्या." २०२४-२५ साली एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस मिळून साडेनऊ हजार कोटींहून अधिक करपूर्व तोटा झाल्याचं पुढे संसदेत सांगितलं गेलं, तेव्हा त्याने मला मुद्दाम फोन केला.

माझं मत वेगळं आहे. तोटा आहे म्हणून जुनीच विमानं ओढत राहणं हे कर्जबाजारी माणसाने गळकं घर न शाकारण्यासारखं आहे. नव्या इंजिनाचं ए३२० निओ आलं तेव्हा जुन्यापेक्षा साधारण पंधरा टक्के इंधन कमी लागेल असं एअरबसचं सांगणं होतं, आणि आपल्याकडे विमान कंपनीच्या खर्चात सगळ्यात मोठा घास इंधनाचाच असतो. शिवाय विमान म्हातारं होतं तसे त्याच्या ठरावीक तपासण्यांना जास्त दिवस लागतात. आठ दिवसांत बाहेर पडायचं ते हँगरमध्ये वीस दिवस बसतं, कारण एक पत्रा उघडला की खाली दुसरं काहीतरी निघतं. तेव्हा नवी विमानं मागवलीत ते बरोबर केलंत. मित्राला मी हेच सांगितलं. त्याला पटलं नाही, पण चहाचे पैसे त्याने दिले.

मला काळजी आहे ती मधल्या वर्षांची. ऑर्डरवर सही झाली तो दिवस आणि शेवटचं नवं विमान धावपट्टीला टेकेल तो दिवस, ह्यांच्यामध्ये सात-आठ, कदाचित दहा वर्षं जातील. त्या वर्षांत कंपनी जुन्याच विमानांवर जगते. पैसा मात्र नव्यांकडे वाहू लागतो. बांधणी चालू असताना हप्ते द्यावे लागतात, तेही डॉलरमध्ये. वैमानिकांना नव्या प्रकाराचं प्रशिक्षण, सिम्युलेटर, नवी हत्यारं, नवे सुटे भाग, सगळं आधी उभं करावं लागतं. कात्री मग कुठे लागते? जिथे प्रवाशाला दिसत नाही तिथे. सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये.

आम्ही त्याला रॉबरी म्हणायचो. सगळ्याच हँगरमध्ये हा शब्द आहे आणि कायदेशीर कामाचाच आहे, चोरीचा नाही. एका विमानाला भाग हवा, स्टोअरमध्ये नाही, मग उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानाचा काढून बसवायचा. नोंद करायची, टॅग लावायचा, सही घ्यायची. अधूनमधून हे चालतंच, जगात सगळीकडे चालतं. गोष्ट बिघडते ती ह्याची सवय लागली की.

गोव्याच्या दाबोळी विमानतळावरची एक रात्र सांगतो. पावसाळ्याचे दिवस, शेवटचं विमान अकराच्या पुढे आलेलं. ब्रेक तपासताना मी खाली वाकलो. प्रत्येक ब्रेकला एक बारीक पिन असते. पार्किंग ब्रेक लावून ती किती बाहेर दिसते ते बघायचं. ब्रेक झिजत जातो तशी पिन आत जाते. आत सपाट झाली की ब्रेक संपला, बदलायचाच. त्या रात्री चार नंबरच्या चाकाची पिन मला बोटाला लागलीच नाही. स्टोअरला फोन केला. दाबोळीत ब्रेक नाही. मुंबईतही नाही. ऑर्डर गेली आहे, पण पुरवठादाराचे आधीचे पैसे थकले आहेत म्हणून माल अडकलाय. शेवटी मुंबई विमानतळावर तीन महिने उभ्या असलेल्या विमानाचा ब्रेक काढला आणि दुसऱ्या कंपनीच्या पहाटेच्या विमानातून पाठवला.

दाबोळी हा नौदलाचा तळ. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी त्यांच्या सरावाची वेळ सुरू व्हायच्या आत आपलं विमान निघालं नाही तर ते दुपारपर्यंत अडकलं. वर पाऊस, पायाखाली पाणी, सहकाऱ्याच्या तोंडात बॅटरी, आणि ड्युटी मॅनेजर दर दहा मिनिटांनी, "झालं का रे?" झालं. वेळेत झालं. नीट झालं, ह्याचीही मी शपथ घेईन. पण हिशेब बघा. एक ब्रेक मुंबईत काढला, तोच गोव्यात बसवला, आणि पुढे कधीतरी नवा आला की तो परत मुंबईत त्या विमानाला बसवायचा. एका बदलाच्या जागी तीन कामं. तीन वेळा नट फिरवायचे, तीन ठिकाणी कागद, तीन रात्रपाळ्यांची झोप. चूक व्हायला तीन जागा. दोन ब्रेक स्टोअरमध्ये ठेवायचे पैसे वाचवले म्हणून कुणीतरी वर शाबासकी घेतली असेल.

मुंबईत उभ्या त्या विमानाला आमची पोरं 'दुकान' म्हणायची. आधी ब्रेक गेला. मग जनरेटर. मग नाकातलं हवामानाचं रडार, मग वैमानिकाची सीट, शेवटी मागच्या गॅलीतला कॉफी मेकरसुद्धा. इंजिनांच्या तोंडावर लाल झाकणं, खिडक्यांच्या झापा ओढलेल्या. समुद्राच्या खाऱ्या हवेत उभं विमान उडत्या विमानापेक्षा लवकर खराब होतं, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. टायर एकाच बाजूवर दबू नयेत म्हणून चाकं फिरवत राहावी लागतात. हवेचा वेग मोजणाऱ्या नळीवरचं आवरण जरा सैल राहिलं की कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. एवढीशी माशी, पण कॉकपिटमधला वेगाचा काटा खोटा पाडते. उभ्या विमानाची निगा राखायलाही माणसं लागतात, आणि आमच्याकडे तोवर माणसं सोडून जाऊ लागली होती.

ह्या सगळ्या काळात आमच्या कंपनीची नव्या विमानांची भलीमोठी ऑर्डर होती. ती जाहीर झाली त्या दिवशी ड्युटी रूममध्ये केक आला होता. केकवर नव्या रंगातलं विमान. शेपटीचा तुकडा माझ्या वाट्याला आला. त्यानंतर दोन वर्षांत पगार आधी दहा दिवस उशिरा, मग महिना, मग तीन महिने. प्रॉव्हिडंट फंडाच्या नोंदीत मोकळ्या ओळी. मग एक दिवस संध्याकाळची फेरी रद्द झाली ती कायमची. माझा दावा अजून एका फायलीत आहे. त्या केकवरचं विमान मी कधी पाहिलं नाही.

आता म्हणाल, ही एका माणसाची कहाणी. पण आपल्या देशात हे एकदा झालेलं नाही. किंगफिशरने २००५ मध्ये पाच ए३८० मागवली होती, जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान. त्यातलं एकही आलं नाही आणि २०१२ च्या ऑक्टोबरात कंपनीच थांबली. तिच्या मालकाचा कांदोळीचा बंगला बँकांनी लिलावाला काढला, तर ८५ कोटींच्या पुढे ठेवलेली किमान किंमत कमी करत करत शेवटी २०१७ मध्ये ७३ कोटींना गेला. आमचे कांदोळीचे टॅक्सीवाले पर्यटकांना अजून तो बंगला दाखवतात. जेट एअरवेजची २०१८ मध्ये बोइंगच्या २२५ मॅक्स विमानांची ऑर्डर होती. १७ एप्रिल २०१९ ला तिचं शेवटचं उड्डाण झालं. गो फर्स्टने १४४ निओ मागवली होती. ती काही अंशी आलीही. पण सगळ्यांना एकाच कंपनीची इंजिनं, आणि इंजिनांतच दोष निघाला. २ मे २०२३ ला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा ५४ पैकी निम्म्याहून अधिक विमानं जमिनीवर उभी होती. म्हणजे नवी विमानं येऊनसुद्धा ती कंपनी बुडाली.

ह्यात एक खेळ असतो, तो प्रवाशाला माहीत नसतो, तुम्हाला चांगला माहीत आहे. घाऊक ऑर्डरीत विमान स्वस्तात मिळतं. ते ताब्यात आलं की त्याच दिवशी भाड्याने देणाऱ्या कंपनीला जास्त किमतीत विकायचं आणि तिच्याकडूनच बारा वर्षं भाड्याने घ्यायचं. हातात रोख येते. तोटा झाकला जातो. पुढचं विमान आलं की पुन्हा रोख. गाडी चालू आहे तोवर झकास. विमानं यायची थांबली की रोख थांबते आणि भाडी मात्र डॉलरमध्ये चालू राहतात, रुपया घसरला तर वाढतातही. आमच्याकडे नारळाचं भाट, म्हणजे बागायत, गहाण टाकून गणपतीची चवथ साजरी करणारे होते, त्यांचं असंच झालं.

तुमच्या स्वतःच्या घरात तर ह्याची जुनी दप्तरं पडलेली असतील. २००५-०६ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स मिळून १११ विमानांची खरेदी ठरली, जवळजवळ सगळी कर्जावर. २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचं लग्न लावलं. २०११ मध्ये महालेखापालांनी ह्या खरेदीवर कडक ताशेरे ओढले. त्यातली बोइंगची ड्रीमलायनर चार वर्षं उशिरा, २०१२ च्या सप्टेंबरात आली, आणि जानेवारी २०१३ मध्ये बॅटरी पेट घेते म्हणून जगभरातली सगळी ड्रीमलायनर जमिनीवर आली. तुमची सहा होती, मे महिन्यापर्यंत उभी. लांब पल्ल्याची पाच ७७७ तर थोड्याच वर्षांत परदेशी कंपनीला विकून टाकावी लागली. आमच्या पिढीला त्याही आधीचं आठवतं. १९९० मध्ये बंगळूरला नव्या कोऱ्या ए३२० चा अपघात झाला, ९२ माणसं गेली, आणि इंडियन एअरलाइन्सची सगळी ए३२० कित्येक महिने उभी राहिली. हप्ते काही उभे राहिले नाहीत. (ती विमानं जगावेगळी होती. आपल्या खडबडीत धावपट्ट्यांसाठी मुख्य चाकं चाराच्या जागी आठ. मी ती मोजली आहेत. आठ चाकं म्हणजे आठ ब्रेक, आठ पिना.)

सरकारच्या हातून ही कंपनी तुमच्याकडे आली ती २७ जानेवारी २०२२ ला, १८,००० कोटींच्या सौद्यात. त्यानंतर तुम्ही काही गोष्टी शहाणपणाने केल्यात, त्या कबूल करतो. रशियन कंपनीसाठी बांधलेली आणि पडून राहिलेली ए३५० उचललीत. चिनी कंपन्यांसाठी बांधलेली मॅक्स एक्स्प्रेससाठी घेतलीत. मधली वर्षं भरून काढायला भाड्याची विमानं आणलीत. जुन्या विमानांच्या फाटक्या सीटा बदलायला चाळीस कोटी डॉलरचा कार्यक्रम काढलात. पण सीट प्रवाशाला दिसते. ब्रेकची पिन दिसत नाही. सीटसाठी पैसे मिळवणं सोपं असतं, एवढंच म्हणतो.

आणि गॅटविकचं. २०२५ च्या जूनमध्ये, अहमदाबादच्या अपघातानंतर, तुम्ही मोठ्या विमानांच्या फेऱ्या कमी केल्यात आणि तीन मार्ग पूर्ण थांबवलेत. त्यात आमचं मोपा, म्हणजे गोव्याचा नवा विमानतळ, ते लंडन गॅटविक होतं, आठवड्याला तीन फेऱ्यांचं. आधी १५ जुलैपर्यंत म्हणालात, मग मुदत पुढे गेली. गोव्यात ह्यावर बरीच ओरड झाली. इंग्लंडातल्या स्विंडनला आमचे किती लोक आहेत हे वेगळं सांगायला नको. घराघरातून तिकडे दोदोल आणि सुकं बांगड्याचं पार्सल जातं. थेट विमान नाही म्हणजे म्हाताऱ्या आईने मुंबईत टर्मिनल शोधत फिरायचं.

गोंयकार म्हणून मीही चिडलो. (वास्कोहून मोपा गाठायला दीड-दोन तास लागतात तेव्हा ते विमान आमच्या बाजूचं नव्हतंच, हा आणखी एक राग. तो राहू द्या.) पण टेक्निशियन म्हणून मला तो निर्णय पटला. अपघाताची कारणं चौकशी सांगेल, त्यावर मी बोलणारा कोण? पण जास्तीच्या तपासण्या करायच्या आणि अडीअडचणीला एखादं विमान राखीव ठेवायचं, तर कुठली तरी फेरी सोडावीच लागते. विमानं तेवढीच आणि फेऱ्याही तेवढ्याच ठेवून तपासण्या वाढवतो म्हणणारा माणूस कुणाला तरी फसवत असतो, आणि बहुतेक वेळा रात्रपाळीला. त्याच वर्षी सप्टेंबरपासून दिल्ली-वॉशिंग्टन थांबवताना तुम्ही सरळ सांगितलंत की ड्रीमलायनर नूतनीकरणाला जाताहेत, विमानं कमी पडतात. असं सांगितलेलं बरं. फक्त आम्हाला थोडं आधी सांगत चला. गोव्याचा हंगाम ऑक्टोबरला उघडतो. खोल्या, टॅक्सी, कामाला ठेवायची माणसं ह्यांचं गणित श्रावणातच मांडलेलं असतं.

तेव्हा माझं म्हणणं काय? पुढची पाच-सात वर्षं एक आकडा दर तिमाहीला छापा: भाग नाही म्हणून महिन्याहून जास्त काळ उभी असलेली विमानं किती, आणि त्या तिमाहीत रॉबरी किती झाल्या. हा आकडा प्रत्येक कंपनीकडे असतो, देखभाल विभागाच्या टेबलावर रोज येतो. तो संचालकांच्या टेबलावर येत नाही हीच अडचण. तुमच्या ऑर्डरीचा आकडा सगळ्या जगाने छापला. हा दुसरा तुम्ही स्वतः छापलात तर वर्तमानपत्रवाले चार दिवस नाकं मुरडतील, पण तुमच्याच हँगरमधली माणसं म्हणतील की वर कुणीतरी बघतंय. स्टोअरचं बजेट तोट्याच्या वर्षात कापायचं असेल तर त्या कागदावर नव्या विमानांच्या करारावर सही करणाऱ्यानेच सही करावी, असाही नियम करा. खालच्या मॅनेजरला कात्री चालवायला सोपी जाते, कारण परिणाम त्याच्या बदलीनंतर दिसतात.

आणि माणसं. नवं विमान येणार म्हटलं की चलाख पोरं नव्याच्या कोर्सला जातात, एअरबसच्या गावी, तुलुझला, फोटो काढतात. मागे राहतात ते 'जुन्या विमानाचे'. कंपनीत त्यांच्याकडे बघायची नजर बदलते. मी पाहिलंय, भोगलंयही. आमच्या वास्कोत दामोदराचा भजनी सप्ताह असतो, शंभराहून अधिक वर्षांचा. चोवीस तास भजन खंड न पडता चालतं. एका मंडळाची वेळ संपत आली की दुसरं मंडळ येऊन बसतं, टाळ हातात घेतं, त्याच अभंगात सूर मिसळतं, आणि मग पहिले उठतात. पहाटे तीन-चारच्या वेळेला मंडप रिकामा असतो, ऐकायला कुणी नसतं, दिवसभर गाऊन घसे बसलेले असतात. त्या वेळेला गाणारे कोण आहेत हे कमिटी आधी ठरवते. सगळ्यात जाणते तिथे बसवते. तुम्ही जुन्या ड्रीमलायनरवर आणि जुन्या ए३२१ वर कोण ठेवलेत, ते एकदा नावं मागवून बघा. त्यांना नव्या लोकांपेक्षा दोन पैसे जास्त द्या.

जुन्या विमानाला कमी लेखू नका, हे सांगताना आमच्याकडची एक गोष्ट आठवते. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याची स्वतःची विमान कंपनी होती, १९५५ साली निघालेली. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. त्या रात्री खड्डे घाईने बुजवून, उरलेल्या आखूड पट्टीवरून त्या कंपनीचं एक डीसी-४ उडालं आणि कराचीला पोचलं. मुक्तीच्या आदल्या रात्री पळालेल्यांचं कौतुक मी करणार नाही, माझे वडील तर त्यांना शिव्याच द्यायचे. पण महायुद्धाच्या काळातल्या बनावटीचं ते चार पंख्यांचं धूड अंधारात, दिव्यांशिवाय, अर्ध्या पट्टीवरून उचललं गेलं, ते कुणीतरी आदल्या दिवशी त्याचं सगळं बघितलेलं होतं म्हणून. त्या मेकॅनिकचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी डिसेंबरात गोव्याला येईलच. सगळेच येतात. विमानातून उतरलात की लगेच गाडीकडे जाऊ नका. परवानगी घेऊन मागे वळा, मुख्य चाकांपाशी खाली वाका. तिथे बॅटरी घेऊन एक पोरगा असेल. त्याला म्हणा, पिन दाखव. तो ती दाखवेल तेव्हा हेही विचारा की आज रात्री ही बदलायची झाली, तर इथल्या स्टोअरमध्ये दुसरा ब्रेक आहे का. आणि तो उत्तर द्यायच्या आधी मॅनेजरकडे बघतो का, ते बघा.

आपला,
एक निवृत्त टेक्निशियन
वास्को, गोवा